लोवेलचा पुढचा दात

३ ऑक्टोबर

शी, शी, शी.

हिरड्यांच्या डॉक्टरने पेशंटसमोर असं म्हणायचं नसतं. कॉलेजात तीन वर्षं मी मास्कच्या आत तोंड वाकडं करायला शिकले, आता त्याचा पगार मिळतो. ही वही त्यासाठीच आणली आहे. इथे कितीही वेळा शी म्हणता येईल.

आज पहिल्याच बाईंच्या हिरडीवर नुसतं बोट टेकवलं, तर दाताच्या कडेने पू वर आला, ट्यूबमधून पेस्ट येते तसा. बाईंना पत्ताच नाही! त्या मला नातीच्या बाप्तिस्म्याच्या केकबद्दल सांगत होत्या. केकवर पिवळं क्रीम होतं म्हणे. मी मान डोलावत राहिले. दुपारी केबिनमध्ये गेले तर क्लिनिकचे मालक डॉक्टर ह्रुस्का त्याच बाईंचा एक्स-रे बघत तळलेल्या डुकराचं सँडविच खात होते, ताटलीएवढं. त्यातली काकडीच्या लोणच्याची चकती कीबोर्डवर पडली. त्यांनी ती उचलून खाल्ली.

हा माणूस चौतीस वर्षं लोकांच्या हिरड्या कापतोय. त्याला कशाचीच किळस येत नाही आणि बहुतेक म्हणूनच कशाचा आनंदही होत नाही. मला दोन्ही भरपूर होतं.

आनंद कशाचा? सांगते. दाताभोवतीचं हाड एकदा झिजलं की गेलंच, असं जुने लोक धरून चालायचे. पण आता त्या खड्ड्यात गाईच्या हाडाचे बारीक दाणे भरता येतात. वर डुकराच्या कातडीतून काढलेला एक पातळ पापुद्रा ठेवायचा आणि हिरडी शिवून टाकायची. पापुद्रा हिरडीच्या मांसाला आत घुसू देत नाही, दाणे जागा धरून ठेवतात, आणि त्या आडोशात माणसाचं स्वतःचं हाड हळूहळू वाढतं. गाय आणि डुक्कर मिळून माणसाचा दात वाचवतात! मी कॉलेजात यावर बोलायला लागले की मुलं उठून जायची.

इथे येऊन दोन महिने झाले, अजून नुसतं खरवडणं चाललंय. मला एक नीट खोल खड्डा हवाय.

८ ऑक्टोबर

मिळाला!

लोवेल वॉसबर्ग. वय एकसष्ट. गुरांच्या बाजारात लिलाव पुकारतो. वरचा पुढचा डावा दात हलतो. आला तो टोपीच्या पट्टीत खोचलेली दातकाडी काढून तोच दात टोकरत आला, आणि खुर्चीत बसल्यावर काडी परत टोपीत. ओली. शी.

मी विचारलं, "दात कधीपासून हलतोय?"

"दात हलत नाही हो, डॉक्टरीणबाई. मी बोलतो तेव्हा सगळा लोवेलच हलतो, दात नुसता सोबत जातो."

आणि मग त्याने करून दाखवलं. जीभ दाताच्या मागे आपटत, श्वास न घेता, साठ साठ साठ कोण देतं पासष्ट पासष्ट मिळाले सत्तर सत्तर… मला अर्धंच कळलं, पण शेजारच्या खोलीतल्या पेशंटने हात वर केला म्हणे.

"कळलं?" तो म्हणाला. "आकडे इथून निघतात. या दाताच्या पाठीवरून. हा पडला की नुसती हवा निघणार. हवेला कोण बोली लावतं?"

मोजपट्टीची सळई दाताच्या कडेने आत सरकवली. नऊ मिलिमीटर! निरोगी हिरडीत दोन-तीन जाते. एक्स-रेमध्ये दाताच्या एका बाजूला खोल काळी खाच. इतकी सुंदर खाच मी फक्त पुस्तकात पाहिली होती.

मी त्याला सगळं समजावलं. मेलेल्या माणसाने दान केलेलं हाडसुद्धा वापरता येतं, तेही सांगितलं.

"नको. जिवंत शेजाऱ्यांना मी घरात घेत नाही, मेलेल्यांना तोंडात कुठे घेऊ? गाय कुठली?"

"बाहेरच्या देशातली असते बहुतेक."

"आयोवाच्या माणसाच्या तोंडात परदेशी गाय? पोरी, माझ्याकडे चारशे उभ्या आहेत. त्यातली एक पसंत कर ना."

"आणि डुक्कर चालेल?"

"डुकराने या जिल्ह्याला कधी दगा दिलेला नाही," तो म्हणाला आणि सही केली.

१६ ऑक्टोबर

झालं! आज लोवेलची हिरडी भरली.

आधी किळस लिहून टाकते. हिरडी उघडली तर मुळावर काळपट तपकिरी थर, बोटीच्या तळाला शिंपले चिकटतात तसला. खरवडला की तुकडे उडत होते. एक माझ्या चष्म्यावर येऊन बसला. खड्ड्यातलं सडकं मांस काढताना असा वास आला की रेनेने मला न विचारता सक्शनची नळी जवळ आणली. रेने आमची मदतनीस, सत्तावीस वर्षं इथेच आहे. तिचा चेहरा पाटासारखा सपाट असतो.

मग दाणे. छोट्या बाटलीतून वाटीत ओतले, लोवेलच्याच रक्तात भिजवले. लाल रवा झाला. चमच्याने थोडे थोडे आत ठेवत गेले. वर पापुद्रा, तो लगेच ओला होऊन मुळाला बिलगला. टाके घातले. सगळ्याचे फोटो काढले.

"दाण्यांकडे इतक्या लाडाने नको बघूस," रेने म्हणाली. "नजर लागेल."

"मला आतल्या आत हाड वाढताना दिसतंय, रेने."

"मला जेवणाची सुट्टी संपताना दिसतेय."

२२ एप्रिल

मधे लिहिण्यासारखं काही नव्हतं. रोज पू, रोज शी.

आज लोवेलला सहा महिने झाले. सळई आत सरकवली: तीन. फक्त तीन! रक्त नाही, पू नाही. दात एकदम घट्ट. आणि एक्स-रे… ती काळी खाच पांढरी झालीय. काठोकाठ! मी ओरडलेच. लोवेल म्हणाला, "विकली गेली का गाय?"

डॉक्टर ह्रुस्कांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "छान. भरलाय."

"हाड आलं!"

"भरलाय म्हण. गाईचे दाणेही एक्स-रेत पांढरेच दिसतात, मॅरिट. ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्यातलं हाड किती आणि गाय किती, ते चित्रात कळत नाही."

"मग कसं कळतं?"

"माणसाला विचारायचं. कसं खाता, काय खाता. तो म्हणाला बरं आहे, तर बरं आहे."

याला काय शास्त्र म्हणायचं? खरं तर त्यांना माझं यश बघवत नाही. राज्यातल्या हिरडीच्या डॉक्टरांची सभा ऑक्टोबरात डे मॉइनमध्ये आहे. मी आजच लोवेलची केस पाठवली. विषय: हाड परत येतं.

९ जून

सभेचं उत्तर आलं. केस आवडली. पण हिरडी पुन्हा उघडून आतलं हाड दाखवणारा फोटो असेल तर स्टेजवर वीस मिनिटं. नसेल तर पोस्टर, भिंतीवर, कॉफीच्या टेबलाशेजारी.

कॉफीच्या टेबलाशेजारी! लोक एका हातात डोनट घेऊन माझ्या लोवेलकडे बघणार आणि साखर पुसायला रुमाल शोधणार.

११ जून

डॉक्टर ह्रुस्कांना सहज विचारलं, बरी झालेली हिरडी आतलं बघायला उघडतात का कधी.

"अभ्यासासाठी उघडायचे पूर्वी. पेशंटला आधी स्पष्ट सांगून."

"आणि आता?"

"आता कशाला? हिरडी मुळाला चिकटली की तो सांधा नाजूक असतो. कापलास की तो पुन्हा तसाच बसेल याची खात्री नाही. दात घट्ट आहे, माणूस कणीस खातो. उघडून तू त्याला काय देणार?"

"खात्री."

"कोणाला?" असं म्हणून ते हात धुवायला गेले.

परवापासून मी हाच विचार करतेय. त्याच्यासाठी खात्री महत्त्वाची नाही का? उद्या आत काही बिघडत असेल तर? लवकर कळलेलं बरंच की. बाहेरून सगळं छान दिसतं आणि आत सडलेलं असतं, हे मी रोज बघते.

१ जुलै

लोवेलला फोन केला. मागे लिलाव चालू होता, डुकरं ओरडत होती. तो जिल्ह्याच्या जत्रेत मुलांनी पाळलेली जनावरं विकतोय. आवाज काय खणखणीत! मी वाचवलेल्या दातामागून येतोय, असं वाटून छाती फुगली.

"लोवेल, एकदा आत डोकावून बघूया म्हणते."

"काही बिघडलंय का?"

"नाही नाही. फक्त खात्री करून घ्यायला."

"दुखेल?"

"पहिल्या वेळेपेक्षा कमी."

"तू म्हणतेस तर बघ, पोरी. तुझाच दात आहे तो, मी फक्त वापरतो."

खोटं काहीच बोलले नाही मी. खात्री हाच शब्द आहे. १५ तारीख ठरली. योगायोगाने त्या आठवड्यात डॉक्टर ह्रुस्का मिनेसोटात मासे पकडायला गेलेले असतील.

१५ जुलै

गाडीतच लिहितेय. क्लिनिकमागच्या पार्किंगमध्ये. आत जायची इच्छा नाही.

हिरडी उघडली. पहिल्यांदा वाटलं, वा, भरलेलं आहे. पहिला फोटो काढला. मग नीट पाहिलं. हाड नव्हतं. गुलाबी, लिबलिबीत मांस होतं, आणि त्यात दाणे रुतून बसलेले. एक न् एक दाणा. नऊ महिन्यांपूर्वी मी ठेवले तसेच. साबुदाण्याची खीर गार झाल्यावर दिसते ना, तशी. एक्स-रेमध्ये जे पांढरंशुभ्र हाड बघून मी ओरडले होते, ती गाय होती. नुसती गाय.

कडेला तरी कुठे कडक लागतं का, ते बघायला मी खरवडणीचं टोक लावलं. हलकंच.

रेने म्हणाली, "थांब."

मी थांबले नाही. मला वाटलं, खाली असेल, तळाशी असेल. टोक आत गेलं आणि पूर्ण गोळा उचलून आला, मांस, दाणे, सगळं. खड्डा रिकामा. तळाशी नखाएवढं हाड नवीन वाटलं. वाटलं म्हणजे हवं होतं म्हणून वाटलं असेल. तो गोळा चमच्यावर थरथरत होता. आयुष्यात इतक्या तोंडांत हात घातला, कधी ओकारी आली नव्हती. आज आली. मास्कमध्ये गिळली.

आणि तरी मी फोटो काढत राहिले. अकरा. हात आपोआप चालत होता.

लोवेल जागाच होता, फक्त ओठ बधिर. त्याने अंगठा वर करून भुवया उडवल्या. कसं आहे?

"छान आहे," मी म्हणाले.

रेनेने सक्शन खाली ठेवलं. "नवीन भरायचं का?"

"सही फक्त बघण्याची आहे," मी म्हणाले. नेमका एवढ्यापुरता मला नियम आठवला.

टाके घातले. त्याने जाताना हात मिळवला. रेने भांडी धुवायला गेली आणि नळ बराच वेळ चालू होता. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, डॉक्टर." सत्तावीस वर्षांत ती कोणालाच डॉक्टर म्हणालेली नाही. ह्रुस्कांनाही नावाने हाक मारते.

बरी होईल हिरडी. आधी झालीच होती की.

२९ जुलै

लोवेल आला. खिशातून कागदाची पुडी काढली, त्यात एक दाणा.

"तुझी गाय कुंपण मोडून निघाली. सकाळी अंड्यात सापडली. मी आधी म्हटलं कवच आहे."

हसायला हवं होतं. हिरडी वर सरकलीय, मुळाचा पिवळा भाग उघडा पडलाय. दाबलं तर पू. तोच ट्यूबमधल्या पेस्टसारखा. फरक एवढाच की हा मी आणलाय.

त्याला औषध लिहून दिलं. सूज आहे, उतरेल, असं सांगितलं. तो म्हणाला, "तू काळजी करू नकोस. तुझा चेहरा बघून मलाच तुला गोळी द्यावीशी वाटतेय."

११ ऑगस्ट

दात हलतो. पुढे-मागे, वर-खाली. चिमटीत धरला तर पियानोची पट्टी दाबल्यासारखा खाली जातो. वर-खाली हलला की काही उरत नाही, हे पहिल्या वर्षात शिकवतात.

लोवेल आज जोक करत होता पण हळू बोलत होता. काल बाजारात सहाशेच्या घरात अडखळला म्हणे. तीस वर्षांत पहिल्यांदा.

१२ ऑगस्ट

डॉक्टर ह्रुस्कांनी फाइल मागितली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अकरा फोटो एकामागून एक पाहिले. मग मागे जाऊन पहिले दोन पुन्हा.

"या फोटोत दाणे जागेवर आहेत," ते म्हणाले. "पुढच्यात नाहीत. मधे काय झालं?"

"मी बघत होते… खाली हाड आहे का."

"हिरडी अशीच बंद केली असतीस तर कदाचित बसला असता सांधा. कदाचित. दाणे तर दाणे, दात उभा होता ना त्यांच्या आधाराने?" त्यांनी चष्मा काढला. "त्याला काय सांगितलं होतंस?"

"खात्री करायची म्हणून."

"त्याने मागितली होती?"

मी स्क्रीनवरचा फोटो बंद केला.

"तू सांगतेस की मी सांगू?"

मला वाटायचं की या माणसाला कशाचीच किळस येत नाही. आज त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अर्धं सँडविच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं.

१४ ऑगस्ट

मी गुरांच्या बाजारात गेले. क्लिनिकमध्ये खुर्चीत आडवा असताना त्याला सांगण्याएवढी हलकट मी नाही. नसावी.

लिलाव संपला होता. भुसा, शेण, गोमूत्राचा वास, माश्या. लोवेल बाकावर बसून थंड कॉफी पीत होता. मी उभ्यानेच सांगितलं. दात घट्ट होता. उघडायची गरज नव्हती. मला सभेसाठी फोटो हवा होता. आत हाड नव्हतं, आणि जे होतं ते मी उपटलं. छान आहे म्हणाले तेव्हा माझ्या हातातल्या चमच्यावर तुमचा दात धरून ठेवणारं सगळं होतं.

त्याने फोटो मागितला. मी फोनवर दाखवला. त्याला घाण वाटली नाही. त्याने बोटांनी मोठा करून नीट पाहिला.

"नाही उघडला असतास तर राहिला असता?"

"माहीत नाही. बहुतेक काही वर्षं तरी."

"मला काही वर्षंच हवी होती." त्याने कप बाकावर ठेवला. "ते फाटक बघ. तिथून जनावर आत येतं. एक डोळा गेलेला असला, पाय अधू असला, तर बोली सुरू व्हायच्या आधी मी माइकवर सांगतो. डोळा खराब आहे. सगळ्यांसमोर. मालकाला राग आला तरी. नाही सांगितलं तर घेणारा दुसऱ्या दिवशी जनावर परत आणतो आणि ते मला घ्यावं लागतं. तू मला फोन केलास तेव्हा डोळा सांगितला नाहीस."

"नाही."

"आणि मी काय म्हणालो? तू म्हणतेस तर." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "तुझी ती सभा अजून आहे?"

"मी नाव मागे घेणार आहे."

"का? माझा दात गेला त्या फोटोपायी. फोटो तरी वाया घालवू नकोस. जा आणि माइकवर डोळा सांग."

"लोवेल, मी खरंच…"

"माफी मागू नकोस गं. मग मला काहीतरी चांगलं बोलावं लागेल, आणि आज माझा घसा दुखतोय."

२१ ऑगस्ट

दात काढला. ह्रुस्कांनी. लोवेलने मला हात लावू दिला नाही, एक गोष्ट सोडून. मी दाराशी उभी होते. तो आडवा पडला होता, इंजेक्शन दिलेलं, ओठ जड झालेला. तरी म्हणाला, "ओठ तिला धरू दे."

ह्रुस्का म्हणाले, "रेने आहे."

"नाही. तिला बघायची हौस आहे ना? जवळून बघू दे."

मी हातमोजे घातले. त्याचा वरचा ओठ दोन बोटांनी उचलून धरला. गरम, ओला, दाढीचे खुंट माझ्या अंगठ्याला टोचत होते. त्याने डोळे मिटले नाहीत. पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होता.

ताकद लागलीच नाही. चिमटा लावला आणि दात आला, ओल्या मातीतून गाजर यावं तसा. मुळाला पू, आणि पूमध्ये दोन दाणे. कॅमेरा नेहमीच्या जागी टेबलावर होता. रेनेने तो उचलून कपाटात ठेवला.

लोवेल उठून बसला. तोंडात कापूस. आरशात पाहिलं नाही. टोपी घातली आणि गेला. ह्रुस्का म्हणाले, आठवड्याने काढता-घालता येणारा खोटा दात बसवू. स्क्रूचा दात बसवायला हाडच उरलं नाही. मी मोजे काढले, हात धुतले. चार वेळा धुतले. बोटांना ओठाचा गरमपणा तसाच आहे. मी जेवले नाही. मला कोणाच्याच तोंडाची आता किळस येत नाहीये. हात मात्र स्वतःचे वाटत नाहीत.

१० ऑक्टोबर, डे मॉइन

साठेक लोक होते. पहिले एक्स-रे दाखवले. आधीचा काळा, नंतरचा पांढरा. पुढच्या रांगेतून कोणीतरी "आहा" म्हणालं. मी थांबले. इथेच थांबले असते तर टाळ्या झाल्या असत्या, हे मला दिसत होतं. 

मग म्हणाले, "हे हाड नाही." आणि पुढचा फोटो लावला. मग त्याच्या पुढचा.

मागून एका बाईंनी विचारलं, "डॉक्टर, दात घट्ट, हिरडीची खोली तीन मिलिमीटर. पुन्हा उघडायचं कारण काय होतं?"

"काहीच नव्हतं. मला हा फोटो हवा होता. पेशंटला मी सांगितलं की खात्री करायची आहे. आता तो दात नाही."

त्या बाई खाली बसल्या. वीस मिनिटं दिली होती, माझं नऊ मिनिटांत संपलं. शेवटच्या रांगेत ह्रुस्का होते. येणार म्हणून सांगितलं नव्हतं. मी खाली उतरले तेव्हा निघून गेले होते.

कॉफीच्या टेबलाशी एक जण आला. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, छान सूट, छान दात. "धाडस लागतं," म्हणाला. मी मान हलवली. मग तो जरा जवळ सरकला. "तो सहा महिन्यांचा एक्स-रे मात्र जबरदस्त आहे हं. कुठले दाणे वापरलेस? आम्ही आमच्या पेशंटना दाखवायला असंच काहीतरी शोधतोय. तेवढ्या स्लाइड पाठवशील? त्या शेवटच्या दोन सोडून."

मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "नाव काढून टाकू ना पेशंटचं." मी पुन्हा नाही म्हणाले. त्याने खांदे उडवले आणि डोनट घेतला.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि लोवेलला फोन केला. त्याने उचलला, हेच खूप होतं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"माइकवर?"

"माइकवर. सगळ्यांसमोर."

"मग? मारलं का कोणी?"

"नाही. एकाने स्लाइड मागितल्या. पेशंटना दाखवायला. शेवटच्या दोन सोडून."

पलीकडे मागून जनावरांचे आवाज येत होते.

"शी," लोवेल म्हणाला. खोट्या दाताच्या फटीतून हवेची बारीक शिट्टी वाजली.

मग त्याने फोन ठेवला.